झाडावरचा पाहुणा : आमरीची ओळख आणि निगा



तुम्ही आता अक्षरे ओळखू लागला आहात. 'क' कोणता आणि 'फ' कोणता, हे तुम्हांला नजरेनेच कळते. पण पहिल्या महिन्यात काय होत होते? दोन्ही अक्षरे सारखीच वाटत होती. 'कळ' लिहिले आहे की 'फळ', हे कळत नव्हते. एका लहानशा रेघेने अक्षर बदलते आणि अक्षर बदलले की अर्थ बदलतो.

झाडांचेही तसेच आहे. दोन झाडे लांबून सारखी दिसतात. जवळ जाऊन पाहिले म्हणजे एक मित्र निघते, दुसरे चोर निघते. आज आपण अशाच दोन झाडांची माहिती करून घेणार आहोत. एक आहे बांडगूळ. दुसरी आहे आमरी. या आमरीला शहरातली माणसे ऑर्किड म्हणतात.

१. दोघेही झाडावर राहतात

तुमच्या बांधावर जुना आंबा असेल, तर त्याच्याकडे एकदा नीट मान वर करून पाहा. एखाद्या फांदीवर वेगळ्याच पानांचा झुपका दिसेल. तो आंब्याचा नसतो. मग आपण काय म्हणतो? "बांडगूळ आलंय." एवढे बोलून आपण पुढे जातो.

पण झाडावर जे जे उगवते ते सगळे बांडगूळ नसते. आपल्या पूर्वजांचाही इथे घोळ होत असे. संस्कृतात झाडावर उगवणाऱ्या झाडाला 'वंदा' किंवा 'वंदाक' म्हणत. सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वी विल्यम जोन्स नावाच्या इंग्रज पंडिताने हाच शब्द उचलला आणि एका आमरीला दिला. आज साऱ्या जगात त्या जातीच्या आमऱ्यांना 'वँडा' म्हणतात. शब्द आपला, फिरून आला परदेशातून!

या वँडांपैकी एक जात कोरड्या मुलखातही तग धरते. आपल्या मराठवाड्यातही ती आढळते. तिची फुले पिवळसर असतात. त्यांवर तपकिरी रेघांची चौकट असते, जणू चौकड्याचे लुगडे. फुलाची खालची पाकळी निळसर जांभळी असते. फुलाला मंद वास असतो.

२. एका आंब्याची गोष्ट

आमच्या पाहण्यातली एक गोष्ट सांगतो. बालाघाटच्या डोंगराजवळच्या एका गावी एक आजी राहत होत्या. त्यांच्या बांधावर गोटी आंब्याचे मोठे झाड होते. कैऱ्या विकून त्यांच्या वर्षाच्या तेल-मिठाची सोय होत असे.

एका साली त्यांनी झाड साफ करायला गडी लावला. गडी वर चढला. त्याला दोन प्रकारचे झुपके दिसले. एकाला लांब, जाड, पट्ट्यासारखी पाने होती आणि दोरखंडासारख्या पांढऱ्या मुळ्या लोंबत होत्या. दुसऱ्याला तांबूस केशरी फुले आली होती.

गडी म्हणाला, "आजी, ह्या पांढऱ्या मुळ्या झाडाचं रगत पित्यात. समदं वरबाडून टाकतो."

आजी म्हणाल्या, "टाक बाबा. पर ते लाल फुलाचं ऱ्हाऊ दे. बरं दिसतंय डोळ्याला."

झाले! ज्या झुपक्याला मुळ्या दिसत होत्या तो गेला. तो होता आमरीचा. लाल फुलाचा राहिला. ते होते बांडगूळ. चार-पाच वर्षांत बांडगूळ फांदीफांदीवर पसरले. त्यात दोन वर्षे पाऊसही कमी झाला. आधी शेंड्याच्या फांद्या वाळल्या, मग मोहोर थांबला. शेवटी झाड व्यापाऱ्याला जळणाच्या भावाने गेले.

तोडलेल्या फांद्या तिथेच पडल्या होत्या. आम्ही आजींना त्यांवरच्या गाठी दाखवल्या. आजींनी एका गाठीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "गुरुजी, चोर घरात ठिवला आन् पाव्हणा हाकलला की ओ!"

याहून नेमके आम्हांलाही सांगता येणार नाही.

३. चोर कोण, पाहुणा कोण?

बांडगूळ आपली मुळी फांदीच्या आत घुसवते. झाडाने जमिनीतून ओढलेले पाणी आणि क्षार ते आतल्या आत चोरते. म्हणून जिथे ते चिकटलेले असते तिथे फांदी फुगते आणि गाठ होते. गाठीच्या पुढची फांदी हळूहळू वाळते.

आमरी फांदीच्या आत जात नाही. तिच्या मुळ्या सालीच्या वरवर पसरतात. आपण झाडावर चढताना फांदी धरतो, तशी ती फांदी धरते. झाडाकडून तिला फक्त जागा हवी असते. पाणी ती पावसाचे आणि दवाचे घेते. खत म्हणून सालीत अडकलेला पालापाचोळा आणि धूळ तिला पुरते. ती झाडाचे काही खात नाही.

ओळखायच्या खुणा अशा :

बांडगुळाला लाकडी डहाळ्या फुटतात. ते झुडपासारखे वाढते. आमरीला डहाळ्या नसतात. वँडाची पाने पट्ट्यासारखी लांब असतात आणि दोन्ही बाजूंना ओळीने लागतात.

बांडगुळाच्या बुडाशी गाठ असते. आमरीच्या बुडाशी गाठ नसते, नुसत्या मुळ्या असतात.

बांडगूळ ओढले तर तुटते, पण निघत नाही. आमरीची मुळी बोटाने उचलली तर खालची साल जशीच्या तशी असते.

बांडगुळाला बारीक फळे येतात. आतला गर चिकट असतो. चिमणीपेक्षाही लहान असा फुलटोच्या नावाचा पक्षी ती फळे खातो. बी त्याच्या अंगाला चिकटते म्हणून तो ते फांदीवर पुसून टाकतो. तिथेच नवे बांडगूळ रुजते. अशा रीतीने ते एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जाते.

४. बांडगुळाचा बंदोबस्त

नुसती पाने तोडून बांडगूळ मरत नाही. मुळी आत राहते आणि पुन्हा फुटते. म्हणून गाठीपासून बुंध्याच्या बाजूला साधारण एक-दीड फूट मागे यावे आणि तिथून फांदी कापावी. हे काम बांडगुळाची फळे पिकण्याआधी करावे. गाठ मोठ्या खोडावरच असेल, तर खोड कापता येत नाही. तिथे बांडगूळ बुडापासून तासून काढावे आणि फुटेल तेव्हा पुन्हा तासावे.

कापल्या जागी बोर्डो मलम लावावे. द्राक्षबाग असलेल्या शेतकऱ्यांना बोर्डो ठाऊकच आहे. हे नाव फ्रान्स देशातल्या बोर्डो गावावरून आले. मलमाचे माप सोपे आहे. मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो आणि पाणी १० लिटर. मोरचूद ५ लिटर पाण्यात वेगळा विरघळवावा. चुना ५ लिटर पाण्यात वेगळा विरवावा. मग दोन्ही एकत्र ओतून ढवळावे. भांडे मातीचे किंवा प्लॅस्टिकचे घ्यावे, लोखंडाचे घेऊ नये. मोरचूद विषारी आहे. मुलांपासून आणि जनावरांपासून तो दूर ठेवावा. भांडी विहिरीवर धुऊ नयेत. आमरीवर हे मलम पडू देऊ नये, कारण तांब्याचे औषध पुष्कळ आमऱ्यांना सोसत नाही.

आणखी एक गोष्ट. एकट्याने बांडगूळ काढून भागत नाही. शेजारच्या बांधावर ते राहिले, तर पक्षी पुन्हा आणतो. म्हणून चार बांधांच्या मालकांनी एकाच वर्षी हे काम करावे. रानातल्या झाडांवरचे बांडगूळ मात्र काढायला जाऊ नये. तिथे त्यावर पक्षी जगतात. आपल्या धन्याच्या झाडापुरते आपण पाहावे.

५. आमरी जगते कशी?

आता आमरीकडे वळू. आमरीचे कूळ फार मोठे आहे. जगात तिच्या पंचवीस हजारांहून अधिक जाती आहेत. एकट्या भारतात बाराशेच्या वर आहेत. काही जमिनीत उगवतात, काही झाडावर. पश्चिमेकडे सह्याद्रीत पाऊस जास्त, म्हणून तिथे आमऱ्या जास्त. तिकडे गजऱ्यासारख्या लोंबणाऱ्या आमरीला कोणी सीतेची वेणी म्हणतात, कोणी द्रौपदीची वेणी. आसामात अशाच एका आमरीला कपौ फूल म्हणतात. तिथल्या बाया बिहूच्या सणाला ते केसांत माळतात. आसाम राज्याचे ते राज्यफूल आहे.

आपल्याकडे वर्षाचा पाऊस सरासरी सातशे-आठशे मिलिमीटरच्या आसपास. तोही चार महिन्यांत. उरलेले आठ महिने वँडा काय करते?

तिच्या मुळीवर एक जाड, स्पंजासारखे आवरण असते. पाऊस आला की हे आवरण पाणी शोषून घेते आणि मग आतल्या मुळीला पुरवते. पान जाड असते, त्यातही पाणी साठते. दुसरी युक्ती तर फारच शहाणपणाची आहे. बहुतेक झाडे दिवसा पानांची छिद्रे उघडतात. वँडा ती मुख्यतः रात्री उघडते. रात्री हवा थंड असते, म्हणून पाणी कमी उडते. उन्हात दार लावून बसायचे आणि गारव्यात उघडायचे! आपणही उन्हाळ्यात तेच करतो.

आमरीचे बी धुळीसारखे बारीक असते. एका शेंगेत लाखो बिया असतात. पण बीजवळ शिदोरी नसते. ज्वारीच्या दाण्यात कोंबासाठी पीठ भरलेले असते, तसे आमरीच्या बीमध्ये नसते. एका खास बुरशीने अन्न पुरवले तरच ते रुजते. म्हणून लाखांतून एखादेच जगते. पुढे फूल यायलाही कित्येक वर्षे लागतात. झुपका वरबाडायला एक क्षण पुरतो. तो परत यायला अर्धा जन्म लागतो.

६. घरी आमरी लावायची तर

रोप विकत घ्यावे ते रोपवाटिकेतून. तिथली रोपे बहुधा प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली असतात. रानातून उपटून आणलेले रोप कोणी विकत असेल, तर घेऊ नये.

पहिला नियम : झाडावरच्या आमरीला माती घालू नये. मातीत तिची मुळी गुदमरते आणि सडते. रोप आंब्याच्या फांदीला किंवा खडबडीत लाकडाला सुती दोरीने बांधावे. कुंडीत ठेवायचे असेल, तर कुंडीला तळाशी आणि बाजूंना भोके असावीत. आत लाकडी कोळशाचे, विटांचे आणि नारळाच्या सोडणाचे मोठे तुकडे भरावेत. सोडण आधी दोन-तीन वेळा पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावे, म्हणजे त्यातला खार निघून जातो.

दुसरा नियम : ऊन गाळून द्यावे. सकाळचे कोवळे ऊन चांगले. दुपारचे ऊन नको. लिंबाच्या झाडाखाली जशी ठिपक्या-ठिपक्यांची सावली पडते, तशी जागा निवडावी.

तिसरा नियम : वारा खेळता असावा, पण हवा अगदी कोरडी नको. पाण्याच्या रांजणाजवळ जागा चांगली. उन्हाळ्यात आसपासची जमीन सकाळ-संध्याकाळ शिंपडावी.

चौथा नियम पाण्याचा. हा सर्वांत महत्त्वाचा. वार बघून पाणी घालू नये, मुळी बघून घालावे. जिवंत मुळी कोरडी असली म्हणजे रुपेरी पांढरी दिसते. ओली असली म्हणजे हिरवी दिसते. रुपेरी म्हणजे तहान लागली. हिरवी म्हणजे पोट भरलेले आहे. एवढे दोन रंग वाचता आले, तरी निम्मे काम झाले.

फांदीला बांधलेल्या रोपाला उन्हाळ्यात रोज सकाळी पाणी लागते. एखादे दिवशी दोनदाही लागते. हिवाळ्यात दोन-चार दिवसांआड पुरते. पावसाळ्यात उघडीप पडली तरच द्यावे. कुंडीतल्या रोपाला याहून कमी लागते. पावसाची झड लागली, तर कुंडी पडवीत घ्यावी. पाणी सकाळीच द्यावे. पानांच्या मधोमध जो कोंब असतो, त्यात रात्री पाणी साचू देऊ नये.

पावसाचे पाणी साठवून दिले तर उत्तम. आपल्याकडच्या पुष्कळ बोअरचे पाणी जड असते. त्याने कुंडीवर पांढरा थर चढतो आणि मुळ्यांची टोके काळी पडतात. जड पाणी देणे भागच असेल, तर मधून मधून पावसाच्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढावी.

पाचवा नियम : खत फार थोडे. पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ खत एका लिटरला एक ग्रॅमपेक्षा जास्त नको. तेही नवी मुळी आणि पान फुटत असताना आठवड्यातून एकदा. शेणखताचा ढीग आमरीवर टाकू नये. भुकेल्या लेकराला एकदम पोटभर पुरणपोळी देत नाहीत, तसेच हे.

७. दुखणे ओळखावे कसे?

वैद्य आधी नाडी पाहतो, जीभ पाहतो, मग औषध देतो. आपण मात्र झाड सुकले की लगेच तांब्याभर पाणी ओततो. आमऱ्या तहानेने मरतात त्याहून जास्त अशा मायेने मरतात. म्हणून आधी पाच ठिकाणी पाहावे.

पहिले ठिकाण, मुळी. निरोगी मुळी जाड आणि टणक असते. तिचे वाढते टोक हिरवे किंवा तांबूस असते. मुळी तपकिरी, मऊ झाली आणि दाबल्यावर पाणी आले, तर ती सडली. तिचे साल निसटून हातात येते आणि आत नुसता दोरा राहतो. हे जास्त पाण्याचे लक्षण. मुळी कागदासारखी पोकळ आणि चपटी झाली असेल, तर ती वाळून मेली. पाणी देऊनही जी मुळी हिरवी होत नाही, तीही बहुधा मेलेलीच असते.

दुसरे ठिकाण, पानाचा रंग. निरोगी पान मध्यम हिरवे असते. पान गर्द काळपट हिरवे आणि लुळे झाले, फूल येत नाही, तर उजेड कमी पडतो आहे. पान पिवळट किंवा तांबूस झाले, तर ऊन जास्त होते आहे. पानावर आधी पांढरा आणि मग काळा, कोरडा डाग पडला, तर ते उन्हाने भाजले. भाजलेला डाग जात नाही, पण पसरतही नाही. रोप सावलीत हलवावे, म्हणजे झाले. सर्वांत खालचे एखादे पान पिवळे पडून गळाले, तर घाबरू नये. ते म्हातारपण आहे. पण एका वेळी अनेक पाने पिवळी पडली, तर मुळ्या तपासाव्यात.

तिसरे ठिकाण, पानाचा ताठरपणा. पानावर सुरकुत्या पडल्या, तर त्याला पाणी पोहोचत नाही. आता नीट लक्ष द्या. पाणी न पोहोचण्याची कारणे दोन आहेत. एक, आपण पाणीच दिले नाही. दोन, पाणी इतके दिले की मुळ्या सडल्या आणि आता पिणारे तोंडच उरले नाही. वरून लक्षण एकच, उपाय मात्र उलटे. म्हणून सुरकुतलेले पान पाहिले की आधी मुळी पाहावी. मुळ्या टणक पण कोरड्या असतील, तर पाणी वाढवावे. मुळ्या सडल्या असतील, तर पाणी थांबवावे. स्वच्छ सुरीने सडका भाग कापावा. रोप एक दिवस सावलीत कोरडे ठेवावे. मग नव्या कोळशावर बांधावे, दमट सावलीत ठेवावे आणि नुसते हलके शिंपडावे. नवी मुळी फुटेपर्यंत खत देऊ नये.

चौथे ठिकाण, मधला कोंब. कोंब काळा पडला, मऊ झाला, पान ओढताच सुटून हातात आले, तर आत सड लागली आहे. ही सर्वांत मोठी धोक्याची खूण आहे. पानावर पाणचट, घाण वासाचा डाग पडून तो रोज वाढत असेल, तर तीही सडच. डागाच्या पुढे इंचभर निरोगी भागासह पान कापावे. कापल्या जागी दालचिनीची कोरडी पूड दाबावी. ती मुळ्यांवर मात्र टाकू नये. रोप इतर रोपांपासून वेगळे ठेवावे. प्रत्येक वेळी सुरीचे पाते जाळावर धरून शुद्ध करावे, नाहीतर आपणच रोग एका रोपावरून दुसऱ्या रोपावर नेतो.

पाचवे ठिकाण, पानाची खालची बाजू. इथे चोर दडतात. कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण. तपकिरी, टणक, नखाने उचकटणारे ठिपके दिसले, तर ती खवले कीड. पान चिकट झाले आणि त्यावर मुंग्या फिरू लागल्या, तर यांपैकी कोणीतरी आहे असे समजावे. पान वरून रुपेरी, बारीक ठिपक्यांचे झाले आणि खाली बारीक जाळी दिसली, तर तो कोळी. आपल्याकडे चैत्र-वैशाखाच्या कोरड्या हवेत तो हमखास येतो. रोप थोडे असेल तर औषधाच्या दुकानात धावू नये. सौम्य साबणाच्या पातळ पाण्याने फडक्याने पाने दोन्ही बाजूंनी पुसावीत, मग साध्या पाण्याने धुवावीत. हे आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा करावे, कारण अंड्यांतून नवी कीड निघत राहते.

८. दोन सावधगिरीचे शब्द

पहिला शब्द रानाबद्दल. येडशीजवळचे रामलिंगाचे रान तुम्ही पाहिले असेल. देवदर्शनाला, पावसाळ्यातला धबधबा पाहायला पुष्कळ लोक जातात. ते रान १९९७ सालापासून अभयारण्य आहे. अभयारण्यातून परवानगीवाचून झाडपाला, मुळी, काहीही आणणे हा गुन्हा आहे. कोणी रास्ना म्हणून वँडाच्या मुळ्या औषधासाठी ओरबाडतात. तसे करू नये. मुळी गेली की रोप गेले. वादळात आपल्या शेतातली फांदी मोडून पडली आणि तिच्यावर आमरी असली, तर तेवढी उचलावी. तसल्याच झाडाच्या फांदीवर सावलीच्या बाजूला बांधावी. पावसाळा सुरू होताना हे काम चांगले साधते.

दुसरा शब्द पैशांबद्दल. लग्नाच्या हारांत आणि गुच्छांत हल्ली जांभळी-पांढरी ऑर्किडची फुले दिसतात. ती महाग असतात. थायलंडसारख्या दमट देशातूनही ती येतात. ते पाहून कोणी म्हणेल, "कर्ज काढा, ऑर्किड लावा, दुप्पट पैसा होतो." ऐकून घ्या, पण सही लगेच करू नका. या आमऱ्यांना बारा महिने दमट हवा लागते. आपल्याकडे ती पैसे खर्चून निर्माण करावी लागते. पाणी किती, वीज किती, माल घेणार कोण, हे कागदावर लिहून काढा. तुम्हांला आता लिहिता येते. आधी दहा रोपे दोन वर्षे जगवून पाहा.

९. बारा वर्षांच्या मुलाची नजर

शेवटी एक खरी गोष्ट ऐका. आइस्क्रीमला जो व्हॅनिलाचा वास असतो, तो मुळात एका आमरीच्या शेंगेचा. ही वेल मेक्सिको देशातली. इतर देशांत नेली तर ती वाढे, फुले येत, पण शेंग धरत नसे. फुलाच्या आत एक पातळ पडदा असतो. त्यामुळे परागाची गाठ पडत नसे. मोठमोठे विद्वान खटपट करत होते. बेल्जियममधल्या एका प्राध्यापकाला हाताने शेंग धरवता आली, पण त्याची रीत शेतावर चालण्यासारखी नव्हती.

हिंदी महासागरात रियुनियन नावाचे बेट आहे. तिथे एदमोन नावाचा एक गुलाम मुलगा होता. शाळेचे तोंड त्याने पाहिले नव्हते. १८४१ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, त्याने फूल बारकाईने पाहिले. एका बारीक काडीने तो पडदा उचलला आणि अंगठ्याने पराग दाबून दिला. शेंग धरली! ती रीत मळ्यांमळ्यांतून पसरली. आजही व्हॅनिलाची लागवड त्याच रीतीने हाताने होते. एदमोन मात्र १८८० साली गरिबीतच वारला.

त्याच्याजवळ पदवी नव्हती. त्याने फूल नीट पाहिले होते, एवढेच. तसे पाहणे तुम्हांलाही जमते. आभाळ बघून पाऊस ओळखणारी, कणीस चोळून दाणा ओळखणारी माणसे तुम्ही. तीच नजर आता बांधावरच्या आंब्याकडे वळवा. कुऱ्हाड उचलण्याआधी गाठ आहे की नाही ते पाहा. पाणी ओतण्याआधी मुळी पाहा.

लक्षात ठेवा

गाठ असेल तर बांडगूळ. गाठ नसेल, मुळ्या सालीवर असतील, तर आमरी.

मुळी रुपेरी, तर पाणी द्या. मुळी हिरवी, तर थांबा.

पान सुरकुतले, तर आधी मुळी पाहा.

सांगा पाहू

१. बांडगूळ झाडाचे काय चोरते? आमरी झाडाकडून काय घेते?
२. आजींच्या आंब्यावरून काय काढले आणि काय राहिले?
३. सुरकुतलेल्या पानाची दोन कारणे कोणती?
४. सुरी जाळावर का धरावी?

करून पाहा

या आठवड्यात आपल्या किंवा शेजाऱ्याच्या बांधावरचे एक जुने झाड खालून नीट पाहा. त्यावर काय उगवले आहे, गाठ दिसते का, पाने कशी आहेत, हे चार ओळींत लिहून पुढच्या वर्गाला आणा.